जोते, चौकट आणि न्हाणी

छत्रपती संभाजीनगरातील सिडकोच्या एन-सेक्टरांतून, हडकोतून, किंवा गारखेडा-पुंडलिकनगराकडच्या दाट वस्तीतून हिंडताना घरांच्या दर्शनी भागाकडे थोडे निरखून पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती ही की ज्या घराला चार पायऱ्या आहेत त्या घराला त्या पायऱ्यांच्या कडेने, अथवा त्यांच्या अगदी मधून, सिमेंटचा एक अरुंद उतारही आहे, आणि तो स्कूटरसाठी आहे. हा उतार मिस्त्रीला कोणी सांगत नाही. मंजूर नकाशात तो काढलेला नसतो, अंदाजपत्रकात त्याची रक्कम धरलेली नसते, आणि तरीही वास्तुशांतीचा मुहूर्त येण्यापूर्वी तो ओतून, चाक घसरू नये म्हणून वर आडव्या खाचा पाडून, तयार झालेला असतो. ज्या शहराला लागून वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना उभा आहे, आणि ज्यातील हजारो चुली त्या कारखान्यावर व त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या वर्कशॉपांवर पेटत आल्या, त्या शहरात दुचाकीला घरात हा मान मिळावा ह्यात वावगे काही नाही. परंतु त्याच घरातील म्हाताऱ्या माणसाला पक्षाघात झाला, अथवा कामावरून परतताना अपघात होऊन कर्त्या मुलाच्या पाठीच्या कण्याला इजा पोहोचली, आणि घाटीच्या सरकारी रुग्णालयातून सुट्टी झाल्यावर त्याला चाकांच्या खुर्चीत घरी आणण्यात आले, म्हणजे हाच उतार निरुपयोगी ठरतो. कारण स्कूटर तो चढते इंजिनाच्या बळावर, आणि खुर्ची चढावयाची ती बसलेल्याच्या दंडांच्या किंवा ढकलणाऱ्या बायकोच्या बळावर. मग शेजारची दोन मुले बोलवावी लागतात, खुर्चीसकट उचलून माणसाला आत नेले जाते, आणि त्या दिवसापासून त्याचे बाहेर पडणे शेजाऱ्यांच्या फुरसतीवर अवलंबून राहते. अजिंठ्याला ज्यांना लेण्यांपर्यंत चढवत नाही अशा प्रवाशांसाठी डोलीवाले असतात. त्यांना पैसे मोजता येतात, म्हणून त्यांना हाक मारण्यात संकोच नसतो. घरच्या डोलीला मोल नाही, आणि नेमके म्हणूनच महिन्यातून दुसऱ्यांदा ती मागावयाला जीभ रेटत नाही.

ह्या चढाचे गणित गहन नाही. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयाच्या 2021 च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मानकांनी खुर्चीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असे ठरवून दिले आहे. अर्थात एक फूट उंची गाठावयाची तर बारा फूट लांबीचा उतार हवा. जोते दीड फुटाचे धरले, आणि दीड फूट ही हल्लीच्या घरांत फारच विनयशील उंची झाली, तर उतार अठरा फुटांचा होतो. अडीच फुटांचे धरले तर तीस फुटांचा. आता ह्या शहरातील सामान्य मिळकतीच्या माणसाचा जो भूखंड, ज्याला येथे सारेच 'वीस बाय तीस' ह्या एकाच नावाने ओळखतात, त्याची समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतची संपूर्ण लांबीच मुळी तीस फूट. तेव्हा ज्या कोणाला वाटते की घर आधी हवे तसे बांधावे आणि पुढे प्रसंग पडलाच तर बाहेर एक उतार जोडून घ्यावा, त्याने ही साधी त्रैराशिके मांडून पाहावीत. उतार जोडावयाला जागाच उरलेली नसते.

वीस बाय तीस हे माप शहराच्या वाढीनेच घडवले. 1972 मध्ये शासनाने नवे औरंगाबाद (शहराचे तेव्हाचे नाव हेच) वसवण्याचे काम सिडको ह्या सरकारी संस्थेकडे सोपवले. तिने सेक्टर आखले, रस्ते सोडले, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ओळीने घरे बांधली, आणि 2006 मध्ये ही वसाहत महानगरपालिकेच्या हवाली केली. परंतु औद्योगिक वसाहतींतील रोजगाराच्या आशेने जालना, बीड, परभणीकडून येणाऱ्या माणसांना पुरी पडेल एवढी आखणी कोणालाच जमणारी नव्हती, आणि मग शहराच्या कडेच्या शेतांचे गुंठे पडले. एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांच्या गुंठ्यातून रस्त्याची पट्टी वजा जाता सहाशे चौरस फुटांचा जो तुकडा निघे, तो बाँडपेपरवर हातोहात विकला जाऊ लागला. ह्या वस्त्यांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा अधिनियम केला, आणि 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ दिला. नियमितीकरणाच्या संचिकेत मोजणी, मालकीचा कागद, बांधकामाचा नकाशा आणि शुल्काचा भरणा ह्यांची रुजुवात होते. घर उभे राहून दहा-वीस वर्षे झाल्यावर ते प्रथम सरकारी दप्तरात दाखल होते. तोवर त्याचे जोते, त्याचा जिना आणि त्याच्या न्हाणीचे दार ह्यांचा निकाल मिस्त्रीने कधीच लावून टाकलेला असतो.

ह्या सहाशे फुटांत आणखी एक हक्कदार आहे, आणि त्याची जागा कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तो म्हणजे हौद. जायकवाडीसारखे विस्तीर्ण धरण फार दूर नसूनही ह्या शहरातील नळाला कित्येक वर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे, आणि म्हणून प्रत्येक घराच्या पुढच्या मोकळ्या पट्टीत जमिनीखाली हौद बांधलेला असतो, त्याचे झाकण पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून चार-सहा इंच वर उचललेले असते, आणि ते बरोबर फाटकातून दाराकडे जाण्याच्या वाटेवर येते. आत गेल्यावर न्हाणीत प्लास्टिकचे टिपाड, त्याच्या शेजारी दोन बादल्या, संडासाच्या दाराशी आणखी एक लहान टिप. चाकांच्या खुर्चीला वळण घेण्यासाठी दीड मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे लागते असे मानके सांगतात. ज्या घरात पाणी साठवणे हा गृहकृत्यांतील पहिला धर्म आहे, त्या घरात हे वर्तुळ आधी टिपाडाच्या वाट्याला जाते. सुगम्य घराच्या पुस्तकी नकाशांत टिपाड कधी काढलेले मी पाहिले नाही. परंतु मराठवाड्यासाठी नकाशा काढावयाचा तर ते काढल्यावाचून गत्यंतर नाही.

जोते इतके उंच का, हा प्रश्न कोणत्याही घरमालकाला विचारला तर तो उत्तरादाखल रस्त्याकडे बोट दाखवतो. आणि त्याचे म्हणणे खरे आहे. जुना रस्ता खरवडून न काढता त्याच्यावरच नवा थर चढवण्याची जी रीत आपल्या नगरपालिकांनी पिढ्यान्पिढ्या पाळली, तिच्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी रस्त्याहून फूटभर उंच असलेले अंगण आज रस्त्याच्या पातळीला आले, आणि त्याच्याही खालची घरे पावसाळ्यात पाणी उपसत बसली. हे पाहिलेला माणूस नवे घर बांधताना पुढच्या दोन थरांचा हिशेब करूनच जोते भरतो. त्याला कमी जोत्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या दिवाणखान्यात गढूळ पाणी सोडण्याची तजवीज करणे होय. म्हणून माझे असे स्पष्ट मत झाले आहे की घराच्या पायऱ्यांची संख्या घरात ठरत नाही, ती सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत ठरते. नवा रस्ता करताना जुना थर काढून पूर्वीची पातळी राखावी, ही एक अट जर ठेकेदाराकडून कसोशीने पाळून घेतली, तर दहा वर्षांत उभ्या राहणाऱ्या हजारो घरांचे जोते सहा-आठ इंचांवर उतरवणे शक्य होईल, आणि सहा इंचांना लागणारा सहा फुटांचा उतार वीस बाय तीसच्या भूखंडातही मावतो. वास्तुशास्त्रावर श्रद्धा असणाऱ्यांनी पायऱ्या विषम संख्येत असाव्यात म्हणून आग्रह धरला तरी हरकत नाही; एक हीही विषमच संख्या आहे.

सातारा-देवळाईकडे, हर्सूलकडे किंवा पडेगावच्या बाजूला, जेथे शहर डोंगराच्या उतारावर चढू लागले आहे, तेथे निसर्गाने ह्या बाबतीत थोडी मेहरबानी केली आहे. उताराच्या भूखंडाला एक बाजू उंच व एक बाजू सखल असते. दार उंच बाजूला ठेवले तर जमीन आणि घराची फरशी एकाच पातळीवर आणता येतात, आणि पाणी सखल बाजूने निघून जाते. मात्र दार कोणत्या दिशेला असावे ह्याचा निर्णय येथे भूमितीपेक्षा पंचांगाला विचारून होतो, त्यामुळे ही आयती सोय बहुधा वाया जाते, आणि पूर्वाभिमुख दारापुढे सात पायऱ्या बांधल्या जातात.

जुन्या घरांचे गोडवे गाण्याची आपल्याला खोड आहे, म्हणून येथे इतकेच सांगतो की मराठवाड्यातील वाडे आणि माळवदाची घरेही ह्या बाबतीत फारशी उदार नव्हती. जोते कमरेएवढे, उंबरा वीतभर, माडीचा जिना भिंतीत कोंबलेला आणि अंधारा, संडास परसाच्या टोकाला. परंतु त्या घरांत ढाळज होती. दिंडी दरवाजातून आत शिरताच दोहो बाजूंना असलेल्या त्या उंच बैठकीवर घरातील वृद्ध दिवसभर बसून राहत, तेथेच त्यांची पथारी, तेथेच येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस, तेथूनच गड्यामाणसांवर हुकमत. पाय थकले म्हणून माणूस घराच्या कारभारातून बाद होत नसे. गडीमाणसे होती, सुना होत्या, आणि त्यांच्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवत नव्हते, हेही तितकेच खरे. आजच्या तीन खोल्यांच्या घरात ना ढाळज आहे ना गडी. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला, सून शाळेत, नातवंडे क्लासला, आणि दुपारच्या त्या निर्जन घरात खुर्चीवरच्या माणसाला न्हाणीपर्यंत एकट्याने जाता येते की नाही, ह्या एका गोष्टीवर त्याची सारी प्रतिष्ठा टांगलेली असते.

न्हाणीकडे वळतो, कारण जोत्याचा प्रश्न दिवसातून एकदा येतो, न्हाणीचा पाच वेळा. आमच्याकडे मुख्य दाराची चौकट साडेतीन फुटांची, खोल्यांची तीन फुटांची आणि न्हाणी-संडासाची अडीच फुटांची, अशी दारांची जणू उतरती प्रतवारीच ठरून गेली आहे. अडीच फुटांच्या चौकटीतून चौकटीचीच जाडी आणि पीव्हीसीच्या दाराची जाडी वजा केली तर प्रत्यक्ष वाट उरते ती सव्वादोन फुटांच्या आतबाहेर. चाकांच्या साध्या खुर्चीची रुंदी 65 ते 70 सेंटीमीटर असते, म्हणजे तितकीच किंवा काकणभर जास्त. दोन बोटांसाठी माणूस दाराशी अडतो. मानकांनी दाराची मोकळी वाट 900 मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. तिच्यासाठी चौकट सव्वातीन फुटांच्या आसपास घ्यावी लागते. ह्याला खर्च काय येतो? नऊ इंच विटांची भिंत कमी बांधावी लागते आणि त्या जागी नऊ इंच दार अधिक येते. ज्या मालकाने दिवाणखान्याच्या छताला प्लास्टरची वेलबुट्टी करून घेतली आहे, त्याने ह्या नऊ इंचांना खर्च म्हणू नये.

त्याहूनही मोठा अन्याय दाराच्या उघडण्यात आहे. आमची न्हाणीची दारे आत उघडतात, आणि न्हाणीत घसरून पडलेला माणूस नेमका दाराच्या आडच पडतो. मग दार तोडल्यावाचून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. दार बाहेर उघडावे, किंवा रुळावर सरकावे, एवढ्याने हा प्रसंग टळतो. फरशीचेही तेच. दिवाणखान्यातली आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल उरली म्हणून न्हाणीत बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा खरबरीत शहाबादी शतपटीने बरी. आणि संडासाची ती पायरी! पहिल्या मजल्यावर न्हाणी-संडासाचा स्लॅब नळ्यांसाठी फूटभर खाली सोडला नाही, तर नळ्या फरशीच्या वरून न्याव्या लागतात, त्या झाकण्यासाठी भराव घालावा लागतो, आणि आत जाण्यासाठी सहा-आठ इंचांची एक पायरी चढावी लागते. ही पायरी कोणाच्याही इच्छेने आलेली नसते. स्लॅबचे लोखंड बांधताना सांगावयाचे राहून गेले, एवढेच तिचे मूळ.

येथे एक अडचण अशी आहे की जिच्यावर माझ्यापाशी तयार उत्तर नाही. न्हाणी आणि संडास वेगळे बांधण्याची आपली रीत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने न्हाणीला किमान 1.8 आणि संडासाला किमान 1.1 चौरस मीटर जागा सांगितली आहे, आणि दोन्ही एकत्र केले तर 2.8. मधली भिंत काढली की खुर्ची आत शिरून वळण्याइतकी जागा मिळण्याची शक्यता तरी निर्माण होते. भिंत ठेवली तर दोन्हींपैकी एकातही ती मावत नाही. परंतु सात माणसांच्या घरात, सकाळी सहा ते आठ ह्या वेळात, पाण्याच्या पाळीच्या दिवशी, एकत्र न्हाणी-संडास म्हणजे रोजचा कलह. ह्यावर कोणी म्हणेल की भिंत बांधावी पण ती विटांची न बांधता हलक्या फळीची बांधावी, म्हणजे गरज पडेल तेव्हा काढता येईल. इंग्लंडमध्ये जोसेफ राउनट्री प्रतिष्ठानाने 1990 नंतरच्या दशकात आयुष्यभर पुरणाऱ्या घरांची जी कल्पना रूढ केली, तिच्यातही असेच पुढे बदलता येण्याजोग्या भिंतींचे आणि कठड्यांसाठी आधीच बळकट ठेवलेल्या भिंतींचे सूत्र होते. आमच्या ओल्या न्हाणीत फळी किती टिकेल ह्याची मला शंका आहे. तरीही भार न घेणारी चार इंची भिंत, जिच्यात एकही नळ पुरलेला नाही, ही मधली वाट म्हणून सुचवावीशी वाटते.

आता कायद्याकडे. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सार्वजनिक इमारतींत उतार असावेत असे म्हटले खरे, पण शासनाच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत, हे कलम घालून स्वतःच्याच हुकमाची धार बोथट केली. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ह्या विषयावरील कराराला मान्यता दिली आणि त्याच्या अनुषंगाने 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, जो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. त्याचे 44 वे कलम अवश्य वाचावे असे आहे. केंद्राने ठरवलेल्या सुगम्यतेच्या नियमांना धरून नकाशा नसेल तर कोणत्याही आस्थापनेला कसलेही बांधकाम करण्याची परवानगी देऊ नये, आणि बांधकाम त्याप्रमाणे झाले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये व इमारतीचा ताबा घेऊ देऊ नये, असे ते निःसंदिग्ध शब्दांत सांगते. आणि आस्थापना म्हणजे केवळ सरकारी कचेरी नव्हे. कंपनी, फर्म, सहकारी संस्था ह्याही तिच्यात मोडतात. म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे बीड बायपासवर अकरा मजली संकुल उभारणारी बिल्डरची फर्म ह्या कलमाच्या शब्दांतून सुटत नाही.

व्यवहारात मात्र ती सुटत आली, आणि तीही बिनदिक्कत. ह्याचे कारण असे की कलम कडक असले तरी ज्या नियमांकडे ते बोट दाखवते ते नियम मुख्यतः सार्वजनिक इमारतींपुरते, आणि तेही मार्गदर्शनाच्या स्वरूपाचे. केंद्राच्या 2004 च्या नमुना इमारत उपविधींत तर, खासगी व सरकारी निवासस्थानांना ह्या तरतुदी लागू नाहीत, असे सरळ लिहून ठेवले होते. महाराष्ट्राने डिसेंबर 2020 मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभरासाठी जी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली, तिच्या तेराव्या प्रकरणात निर्बाध प्रवेशाच्या तरतुदी आहेत, परंतु त्यांचाही रोख लोकांच्या येण्याजाण्याच्या इमारतींकडे आहे. ह्या सगळ्यामागे एक गृहीतक आहे, आणि ते असे की खुर्चीवरचा माणूस बँकेत जाईल, कचेरीत जाईल, चित्रपटगृहात जाईल, परंतु तो ज्या घरातून निघाला त्या घराच्या पायऱ्या तो कशा उतरला हा त्याचा खासगी मामला आहे. मला हे गृहीतकच मुळात चुकीचे वाटते. बँकेपुढचा उतार घरापुढच्या पायऱ्यांपाशीच निष्फळ होतो.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांच्या निवृत्तीच्या उंबरठ्यावर, ह्या शिथिलतेवर नेमके बोट ठेवले. एका दृष्टिहीन नागरिकाने 2005 मध्ये केलेल्या ह्या याचिकेत न्यायालयाने असा निर्णय दिला की केंद्राच्या 2017 च्या नियमांतील पंधरावा नियम अधिनियमाशी विसंगत आहे, कारण अधिनियम सक्ती करतो आणि नियम नुसता सल्ला देतो. तेव्हा कोणत्याही सबबीवर न टळणाऱ्या अशा अनिवार्य बाबी निराळ्या काढून त्यांचे नियम तीन महिन्यांत करावेत, आणि ते न पाळणाऱ्यांचे पूर्णत्वाचे दाखले अडवणे व दंड आकारणे ह्यांसारखी अधिनियमातील पावले राज्यांनी उचलावीत. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राने न्यायालयापुढे ठेवलेला अहवाल ह्या निकालाला आधारभूत होता. दंडाची रक्कम पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आहे. अकरा मजली संकुलाच्या मालकाला ती चहापाण्यापुरती वाटेल. त्याला दुखते ते भोगवटा प्रमाणपत्र अडले की, कारण त्यावर बँकेचे कर्ज, ग्राहकांचे हप्ते आणि नळाची जोडणी अवलंबून असते. म्हणून माझ्या मते ह्या सबंध विषयातील खरी किल्ली नगररचना विभागाच्या त्या एका मेजावर आहे, जेथे हा दाखला तयार होतो.

इमारतींच्या बाबतीत निराळेच एक वैचित्र्य आहे. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, आणि नव्या इमारतींना लिफ्ट आहे पण तळमजला नाही, कारण तेथे पार्किंग आहे. लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी पार्किंगमधून तीन पायऱ्या चढावयाच्या, हे दृश्य इतके सार्वत्रिक आहे की ते पाहून आता कोणाला हसूही येत नाही. त्या तीन पायऱ्यांवर नंतर उतार बांधावयाचा म्हटले तर सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते, उतार कोणाच्या गाडीच्या जागेवर येणार ह्यावर दोन तास वाद होतो, आणि विषय पुढील सभेवर ढकलला जातो. शासकीय योजनांत मात्र हेतू चांगला दिसतो. 2016 च्या अधिनियमाने गृहनिर्माण योजनांतील वाटपात 5 टक्के आरक्षण ठेवले, स्त्रियांना त्यात अग्रक्रम दिला. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांग व ज्येष्ठ ह्यांच्या कुटुंबांना शक्यतो तळमजल्यावर किंवा खालच्या मजल्यांवर घर द्यावे असे सुचवले. घर खाली मिळाले, फार उत्तम झाले. त्याच्या न्हाणीची चौकट किती फुटांची, हे मात्र वाटपाच्या सोडतीत कोणी सांगत नाही.

'आमच्या घरात कोण अपंग आहे?' हा प्रतिप्रश्न ह्या विषयावर बोलू लागताच हमखास येतो. 2011 च्या जनगणनेने देशात 2 कोटी 68 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणतीस लाख अपंग व्यक्तींची नोंद केली, आणि देशातील त्या संख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा हालचालीशी संबंधित अपंगत्वाचा होता. देशातील नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. 1995 च्या पल्स पोलिओ मोहिमेपूर्वी ज्यांना तो झाला ती मराठवाड्यातील मुले आज कर्ती माणसे आहेत, नोकऱ्या करतात, गृहकर्ज काढतात, घरे पाहावयास जातात. परंतु ह्या आकड्यांवर मी फार जोर देणार नाही. गुडघे बदललेली आई, मांडीचे हाड मोडलेला भाऊ, बाळंतपणानंतर जिना चढू नको म्हणून बजावलेली मुलगी, ह्यांची नोंद कोणत्याही जनगणनेत नसते आणि ती प्रत्येक घरात असतात. शिवाय घर केवळ त्यात राहणाऱ्यांचे नसते. भाऊबिजेला भावाने बहिणीच्या घरी जावयाचे असते, आणि खुर्चीवरचा भाऊ बहिणीच्या दाराशी मोटारीतच बसून ओवाळून घेतो, अशी उदाहरणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

अमेरिकेत जॉर्जिया प्रांतातील एलिनॉर स्मिथ ह्या पोलिओग्रस्त बाईंनी 1987 च्या सुमारास नेमका हाच मुद्दा उचलला होता. सर्वच घरे सर्वांगाने सुगम्य करा, असा त्यांचा हट्ट नव्हता. प्रत्येक नव्या घराला एक तरी बिनपायरीचे दार, आतली दारे खुर्ची जाण्याइतकी रुंद, आणि दाराच्याच मजल्यावर वापरता येण्याजोगा एक संडास, ह्या तीनच मागण्या, म्हणजे पाहुणा म्हणून तरी माणसाला कोणाच्याही घरी जाता येईल. अटलांटा शहराने 1992 मध्ये ह्या धर्तीचा नियम केला, आणि इंग्लंडने 1999 पासून नव्या घरांना जवळजवळ हेच निकष बंधनकारक केले. आपल्याकडेही असे बांधून दाखवणारी माणसे आहेत. पुण्याजवळच्या खडकीला कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. आणि वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचे बळ गेलेल्या नसीमा हुरजूक ह्यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था काढून 'घरौंदा' हे वसतिगृह उभे केले, ते खुर्चीवरच्या माणसाच्या नजरेने. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना एका पायरीचे वजन किती असते हे निराळे सांगावयास नको. परंतु ही केंद्रे झाली, वसतिगृहे झाली. माणसाला सुगम्य जागेसाठी घर सोडून संस्थेत जावे लागणे, हा ह्या प्रश्नाचा तात्पुरता निकाल आहे.

कायद्याची सक्ती उद्या बिल्डरच्या फर्मवर आली तरी वीस बाय तीसवर स्वतःचे घर बांधणारा माणूस आस्थापना ठरत नाही, आणि त्याच्यावर ती येऊही नये असे मला वाटते. आधीच त्याच्या पाठीशी गुंठेवारीच्या संचिका, शुल्के आणि खेटे पुरेसे आहेत. महानगरपालिकेला त्याच्यासाठी काही करावयाचेच असेल तर शुल्कात सवलत द्यावी, सहा इंच जोत्याच्या व रुंद चौकटीच्या घराचे दोन-चार तयार नकाशे, हौद आणि टिपाड ह्यांच्या जागेसह, फुकट वाटावेत, आणि त्याच्या दारापुढचा रस्ता पुन्हा वर उचलू नये. बाकीची सारी मसलत त्याची आणि मिस्त्रीची आहे. मिस्त्री आडमुठा नसतो. आजवर त्याला कोणी विचारलेले नसते, इतकेच. मात्र त्याला वेळेवर सांगावे लागते. जोत्याची उंची पाया भरण्यापूर्वी ठरते, चौकटी विटकामाबरोबरच उभ्या राहतात म्हणून सुताराला त्यांचे माप विटा येण्याच्या आधी द्यावे लागते, आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा स्लॅब किती खाली सोडावयाचा हे सेंट्रिंगवाल्याने फळ्या ठोकण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सांगितले तर चालते, दुसऱ्या दिवशी नाही.